भिंत, रंग आणि आपली माणसं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'कला आणि चळवळ' या विषयावर बोलायला सांगितलं. विषय मोठा, आणि आम्ही पाट्या रंगवणारे पेंटर. चित्रकलेची पदवी आमच्यापैकी कोणाकडेच नाही. तेव्हा आम्ही आपलं भिंतीपुरतंच बोलू.

वामनदादा कर्डक आपल्या घराघरांत माहीत आहेत. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मुंबईत मोठेपणी अक्षरं गिरवली आणि जोडाक्षरांचा सराव केला तो दुकानांवरच्या पाट्या वाचून. ज्यांची गाणी आज प्रत्येक जयंतीला आपण गातो, त्यांचं पुस्तक म्हणजे कुठल्यातरी अनोळखी पेंटरच्या हातची पाटी होती. त्या पेंटरला हे कधी कळलंही नसेल. आम्हाला ही हकिगत फार उशिरा कळली. तोवर आम्ही एक चूक करून बसलो होतो.

27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि तिकडे मराठवाड्यात खेड्यापाड्यांतून आपल्या लोकांची घरं जळायला लागली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. बातम्या आल्या की वस्तीत रात्री कोणाला झोप नसायची. आम्ही तिघे तेव्हा विशीतले. हातात दुसरं काही नव्हतं, ब्रश होता. लाकडाच्या वखारीची लांब भिंत धरली. एकाने कंदील धरायचा, दुसऱ्याने निळीची दोरी ताणून सूत मारायचं, तिसऱ्याने लिहायचं. पांढऱ्या चुन्यावर गेरूची अक्षरं. अशी टपोरी उठली, की सकाळी समोरच्या हॉटेलात चहा पीत आम्हीच ती बघत बसलो!

आठ-दहा दिवसांनी शेजारची चौथीतली मुलगी वही घेऊन आली. निबंधात तिनं 'विद्यापिठ' लिहिलं होतं आणि बाईंनी त्यावर लाल गोल केला होता. ती म्हणाली, "काका, तुमच्या भिंतीवर असंच आहे." पुढे काही बोलली नाही.

पोचिरामांचं नाव आम्ही चार जणांना विचारून, कागदावर लिहून घेऊन रंगवलं होतं. आणि ज्या विद्यापीठापायी त्यांचा जीव गेला, त्याचीच वेलांटी चुकवली होती. सगळी वस्ती रोज ती वाचत होती. त्याच रात्री चुन्याचा हात मारून डावीकडची वेलांटी पुसली, उजवीकडे काढली. पण चुना सुकल्यावर जुनी वेलांटी खालून अंधूक दिसायचीच. वखार पडेपर्यंत दिसत होती.

नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. साडेपंधरा वर्षं गेली. तुमच्या भिंतींनी काय केलं, असं आजची मुलं विचारतात. खरं सांगतो, रंगानं कोणाचं जळतं घर विझलं नाही. जे मोर्चात चालले, तुरुंगात गेले, ज्यांनी जीव दिला, त्यांच्या रांगेत आम्ही आमचं नाव लावणार नाही. एवढंच, की कामावर जाणारी माणसं त्या भिंतीपाशी थांबायची आणि ज्याला वाचता येतं तो न येणाऱ्याला वाचून दाखवायचा.

नंतर आम्ही अजिंठ्याला गेलो. वाटलं होतं, तिथलं काही आपल्याला समजायचं नाही. पण रंग उडालेल्या जागी खालचा गिलावा दिसला आणि आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. माती, त्यात भाताचं तूस, झाडपाल्याचे धागे! आमच्या आज्या गावाकडे भिंती लिंपायला तूस घालूनच माती मळायच्या. अजिंठ्यात त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा दगड तेवढा दूर अफगाणिस्तानाकडचा. (निळा रंग आपल्यालाही महागच पडला म्हणा.)

सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत, समोर यशोधरा आणि छोटा राहुल. यशोधरेचा हात पोराच्या पाठीशी, त्याला पुढे करणारा. आम्ही तिथंच बसलो. पोराला असं पुढे करणारी बाई आम्ही रोज बघतो. रेशनच्या रांगेत, शाळेच्या दाखल्यासाठी, दवाखान्याच्या खिडकीशी. त्या चित्रकारानंही ती कुठल्यातरी दारात बघितलीच असणार. प्रेरणा कुठून मिळते म्हणून विचारता ना, ती अशी रांगेत उभी असते.

त्या चित्रात तथागत मोठे आहेत आणि बाकीचे लहान. आपल्या जयंतीच्या फ्लेक्सवर मात्र उलटं झालंय. शुभेच्छुकांचे वीस चेहरे, आणि बाबासाहेब वर कोपऱ्यात! राग मानू नका. फ्लेक्सनं आमचा धंदा गेला म्हणून बोलतो असंही कोणी म्हणेल, आणि ते थोडं खरंही आहे.

विहाराच्या उत्तरेच्या भिंतीवर कॉम्प्युटरचं छापील चित्र लावायचं समितीत चाललं होतं. आम्ही भिंत मागून घेतली. मजुरी नको. तिथं सतराव्या लेण्यातलाच प्रसंग काढायचा आहे, पण माणसांची उभं राहायची ढब आपल्या गल्लीतली. विहारात वस्तीतली माणसं कशाला, असा एका ज्येष्ठांचा आक्षेप आहे. चेहरा कोणाचाही ओळखू येणार नाही, हे आम्ही त्यांना कबूल केलं आहे. उभं राहणं सोडणार नाही. खाली नाव कोणाचं, हेही विचारलं गेलं. सांचीच्या दक्षिण तोरणावरच्या एका लेखात विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केलं, एवढंच कोरलेलं आहे. धंद्याचं नाव, माणसाचं एकही नाही. आपणही 'वस्तीतील पेंटर' एवढंच लिहू. तिघांतला एक आता नाही, तोही त्यात येतो.

ती चौथीतली मुलगी पुढे शिक्षिका झाली. भिंतीवरचा मजकूर आधी तिच्याकडून तपासून घेतला आहे. दोन चुका निघाल्या.

येत्या रविवारी वंदना झाली की भिंत घासायला घेऊ. मुलांनी जुने कपडे घालून यावं. काथ्याचे कुंचले आमच्याकडे आहेत, शिडी मात्र एकच आहे. कोणाकडे असेल तर शनिवारी संध्याकाळी आणून ठेवा. जयभीम!