दगड वर येईल का?



प्रार्थना, समज आणि अंधश्रद्धा यावर बौद्ध म्हणून बोला, असं मला सांगण्यात आलं. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. तुमच्या नमाजबद्दल, दुआबद्दल मी काही बोलणार नाही, तो अधिकार तुमचा. मी माझ्या घरातलं सांगते. त्यात तुम्हाला तुमचंही काही दिसलं, तर त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

संयुत्त निकायात एक संवाद आहे. नालंदाच्या आंबराईत असिबंधकपुत्र नावाचा गावप्रमुख बुद्धांना विचारतो, की काही ब्राह्मण मेलेल्या माणसाला मंत्र म्हणून स्वर्गात पोहोचवतात म्हणे. तुम्ही तर सगळ्या जगाला पोहोचवू शकत असाल? बुद्ध त्यालाच उलट विचारतात. कुणी मोठा दगड खोल डोहात टाकला आणि सगळं गाव काठावर हात जोडून ‘वर ये’ म्हणत राहिलं, तर दगड वर येईल का? आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं, तर खापऱ्या बुडतील, तूप वर येईल. त्याला कितीही ‘बुड’ म्हणा, ते बुडणार नाही. माणसाची गती त्याच्या कृत्यांवर ठरते, काठावरच्या गर्दीवर नाही.

मग आम्ही वंदना कशाला म्हणतो? कारण त्यात मागणं नाही. पंचशीलात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं आणि ‘समादियामि’ म्हणजे मी स्वीकारते. ही स्वतःला दिलेली जबान आहे. पण जबान दिली ती भाषाच कळत नसेल तर? आमच्याकडे पाली पाठ सगळ्यांना आहे, कळते फार थोड्यांना. पाचवं शील दारूबद्दल आहे. त्यातला ‘सुरा’ हा शब्द तर मराठीतही आहे, तरी जयंतीच्या रात्री कोण काय प्यायलं हे वस्तीला ठाऊक असतं. परित्राण पाठानंतर मनगटावर बांधलेलं पांढरं सूत बारावीचा निकाल लागेपर्यंत जपणारी मुलंही मी पाहते. त्याला तावीज म्हणायचं नाही एवढंच! बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा मराठीतून दिल्या. लोकांना कळावं हाच त्यामागचा हेतू असणार, असं मला वाटतं.

पण शब्द कळले म्हणजे झालं, असंही नाही. इथे मला म्यानमारबद्दल बोलावं लागेल. तुमच्यासमोर उभी राहून ते टाळणं बरोबर होणार नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये तिथले हजारो भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले. भिक्षापात्रं उलटी धरली, म्हणजे राजवटीकडून दान नाकारलं, आणि चालताना ते मेत्त सुत्त म्हणत होते. आई एकुलत्या एका लेकराला जपते तसं सगळ्या जिवांना जपावं, असा त्या सुत्ताचा आशय आहे. या भिक्खूंना पाली आमच्यापेक्षा कितीतरी चांगली येते. पण पुढच्या पाचसहा वर्षांत त्याच देशात विराथूसारखे भिक्खू मुसलमानांविरुद्ध विष ओकत फिरू लागले. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावं लागलं. विरोध करणारे भिक्खूही होते, पण त्यांचा आवाज कमी पडला. मेत्त सुत्ताचं पठण त्या काळात एकाही विहारात थांबलं नसेल.

म्हणून मला अंधश्रद्धेची ओळख लिंबू-मिरचीपुरती ठेवणं पुरेसं वाटत नाही. आमचे तरुण यावर कालाम सुत्ताचा दाखला देतात: बुद्धांनी सांगितलं, काहीही मानू नका, फक्त तर्क चालवा. सुत्त नीट वाचलं तर पंचाईत होते. परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्याबरोबरच नुसत्या तर्कावरही विसंबू नका, असं त्यात आहे. कसोटी वेगळीच दिली आहे. अमुक गोष्टीने माझ्यातला लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो? दुसऱ्याला इजा होते की नाही? ही कसोटी सुताला लावा, वंदनेला लावा, माझ्या आजच्या भाषणालाही लावा. तर्क तर विराथूकडेही होता, लोकसंख्येची आकडेमोड होती. ती तुम्हाला इथेही ऐकायला मिळते.

आमच्या विहारात आता रविवारी वंदनेनंतर एक मूल एका शीलाचा मराठी अर्थ सांगतं. आधी काही ज्येष्ठ नाराज झाले, ‘पावित्र्य जातं’ म्हणाले. मागच्या महिन्यात खोटं न बोलण्याच्या शीलावर एका सातवीतल्या मुलीने विचारलं, ‘भाड्याने खोली बघताना बाबा आडनाव बदलून सांगतात, ते यात येतं का?’ वंदना दहा मिनिटांत संपली होती. या प्रश्नावर आम्ही दीड तास बसलो, आणि पुढच्या रविवारीही तोच विषय घ्यावा लागला.