40 टक्के मोजताना

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला. नालासोपारा-विरारच्या काही घरांचे दिव्यांग प्रमाणपत्राचे ऑनलाइन अर्ज भरून दिले, तेव्हा मानसिक आजाराची मोजणी कशी होते ते वाचलं. तेवढंच सांगतो.

मोजपट्टीचं नाव 'आयडियाज'. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तयार केलेली, 2002पासून सरकारमान्य. आवाज ऐकू येतात का, संशय येतो का, याला तिच्यात गुण नाहीत. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींत अडचण किती, त्याचे प्रत्येकी 0 ते 4. शिवाय आजार किती वर्षांचा, त्याचे 1 ते 4. एकूण 20. बेरीज 7 झाली की 40 टक्के. 2016च्या कायद्यातली आरक्षणासारखी सोय तिथून पुढेच.

आता हिशेब बघा. एकाला चार बाबींत मिळून 4 गुण. आजार 11 वर्षांचा, म्हणून आणखी 4. झाले 8, पात्र. पण फाइलीत तीनच वर्षांचे कागद असले आणि तेवढीच वर्षं धरली, तर 2 मिळतात. बेरीज 6. माणूस तोच, घरी परत.

आणि जुने कागद आपणच फाडतो! बहिणीचा निकाह व्हायचाय, कुणाला कळायला नको. आधीची चार वर्षं दर्ग्यावर गेलेली असतात, ती कुठल्याच केसपेपरवर नसतात. दुआ जरूर मागा, पण ओपीडीचा कागदही जपा.

दुसरी गोष्ट. माझ्या खालाने मुलाला तपासणीला नेताना दाढी करवली, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी विचारलं, आंघोळ स्वतः करतो? ती म्हणाली, "हो, सगळं करतो." आईच्या तोंडून दुसरं काय निघणार? पण रोज तासभर मागे लागावं लागतं, हे राहूनच गेलं. घरच्यांचं सांगणं या मोजणीत मोठं असतं. म्हणून आठवडाभराचं लिहून न्या: किती वेळा सांगावं लागलं, किती दिवस तो घराबाहेर पडला नाही. वाढवून नको, झाकूनही नको.

बायकांचं तर फारच राहून जातं. "ती काही कामाला जात नाही," असं नवरा सांगतो. पण 'काम' या रकान्यात घरकामही येतं. चूल पेटत नसेल, तर तेही सांगायचं.

मी लॅपटॉप घेऊन मागच्या टेबलावर बसतोय. आधार कार्ड आणि असतील तेवढे केसपेपर घेऊन या.