नियम लागू नव्हता, ऊन लागू होतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून)



'नवीन घर बांधताना विजेची बचत' या विषयावर बोला, असा निरोप मला आला. का, तर मी चौतीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली. सोसायटीत कुणाच्या बाथरूममधून गळायला लागलं की आधी माझ्या दाराची बेल वाजते, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा आज जाणकार माणसाचं भाषण ऐकायला मिळेल अशी तुमची समजूत असेल. मी मात्र जाणकाराने केलेली चूक सांगणार आहे. चूक माझी, आणि घरही माझंच.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात. वडिलोपार्जित घर मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी, मध्ये माजघर, वर माळा. वासे वाळवीने खाल्ले होते. आईचं वय चौऱ्याऐंशी, तिला पडक्या घरात ठेवायचं नाही, म्हणून २०१९ साली जुनं घर उतरवलं आणि त्याच जागी स्लॅबचं बैठं घर बांधायला घेतलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १४ डिसेंबर २०१८ ला, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने 'इको-निवास संहिता' आणली होती. फ्रिजवर, एसीवर जे तारे असतात, ते देणारीच ही संस्था. राहत्या घराच्या भिंती, खिडक्या आणि छत कसं असावं म्हणजे घर मुळातच कमी तापेल, याचे आकडे त्या संहितेत आहेत. राज्याने आपल्या बांधकाम नियमात ती घेतली की ती सक्तीची होते. मी ती वाचली होती. साइटवरच्या पोरांना समजावूनही सांगितली होती.

पण २०१८ च्या त्या संहितेत लिहिलं होतं की ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांसाठी आहे. माझा प्लॉट चार गुंठ्यांचा, म्हणजे साधारण ४०५ चौरस मीटर. मी म्हटलं, सुटलो! आपल्याला नियम लागू नाही. स्लॅबवरचा उष्णतारोधक थर गाळला. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा 'एलिव्हेशन चांगलं दिसत नाही' म्हणून गाळला. खिडक्या सगळ्या सरकत्या बसवल्या, कारण त्या फॅशनमध्ये होत्या आणि पावसाळ्यात पल्ले आपटत नाहीत. वाचलेल्या पैशांत स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा केला.

फेब्रुवारी २०२० मध्ये गृहप्रवेश झाला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी तिथेच अडकलो. एरवी दोन दिवस राहून, घर छान झालं म्हणत परत आलो असतो. या वेळी ते घर मला स्वतःला भोगावं लागलं.

एप्रिलच्या शेवटी एक गोष्ट लक्षात आली. जेवण झालं की आई काठी घेऊन निघायची ती शेजारच्या काकूंच्या पडवीत जाऊन आडवी व्हायची. चार वाजता परत. मी म्हटलं, "आई, नवीन खोली, नवीन पंखा, आणि तू लोकांच्या पडवीत निजतेस? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "घर झकास बांधलंस रे. पण पंखा वरून नुसती वाफ ढकलतो. मी काय करू?"

त्या रात्री एक वाजता टेबलावर चढून स्लॅबला खालून हात लावला. तव्यासारखा गरम. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडत बसतो. हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. स्वतःच्या आईच्या डोक्यावर तोच स्लॅब घातला होता.

मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. काकूंची कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्यांचं सगळं कुटुंब आमच्याकडे आलं, आणि आमच्या स्लॅबला काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण 'जुनं तेच चांगलं' असा माझा मुद्दा नाही. पण त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. एसी असता तरी भिंतीवरची शोभाच. नऊ माणसं घरात, बाहेर पाऊस, आणि सरकती खिडकी उघडून उघडून किती उघडणार? अर्धीच. उरलेल्या अर्ध्यात काच आडवी. दम कोंडायचा. ज्या काकूंच्या पडवीने माझ्या आईला महिनाभर गारवा दिला, त्यांना माझ्या घराने आसरा दिला, पण झोप दिली नाही. याची मला आजही लाज वाटते.

पावसाळा संपल्यावर दुरुस्ती काढली. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी न पिणाऱ्या दाट फोमचा दोन इंची थर, त्यावर कोबा आणि पांढरा चायना मोझॅक. पश्चिमेला कौलांची उतरती पडवी काढली. सरकत्या खिडक्या काढून पल्ल्यांच्या बसवल्या. बांधतानाच केलं असतं तर जेवढा खर्च आला असता, त्याच्या दुपटीहून जास्त आला, कारण आधी केलेलं फोडायला लागलं. भिंती तशाच राहिल्या, त्या काही बदलता येत नाहीत.

पुढच्या मे महिन्यात आई दुपारी स्वतःच्या खोलीत निजली. बोलली काही नाही. आमच्याकडे न बोलणं हीच शाबासकी.

आता हे सगळं इथे कशाला सांगतोय? आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. पुनर्विकासाची कुजबुज जिन्यात सुरू झाली आहे. कार्पेट किती वाढणार, पार्किंग किती, भाडं किती, कॉर्पस किती, हे प्रश्न आपण विचारणारच, आणि विचारायलाच हवेत. पण घर किती तापणार हे मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी तरी विचारायला हवं! आपला प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणजे २०१८ च्या त्या संहितेच्या मापात आपण बसतो. बिल्डर चावी देऊन जातो, विजेचं बिल मात्र दर महिन्याला आपल्या नावावर येतं. म्हणून चार प्रश्न लिहून घ्या.

पहिला, छताचा. संहितेप्रमाणे छताचा 'यू-व्हॅल्यू' १.२ पेक्षा जास्त नसावा. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप. जितकं कमी तितकं बरं. उघड्या सहा इंची स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. "ब्रिकबॅट कोबा करून देतो" एवढ्यावर समाधान मानू नका. कोबा पाणी अडवतो, उष्णता अडवायला तो एकटा पुरत नाही.

दुसरा, खिडक्यांचा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं उघडणारं क्षेत्रफळ कार्पेटच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, हवं. ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटला १०० चौरस फूट. चार बाय चारची दोन काचांची सरकती खिडकी दिसते सोळा चौरस फूट, उघडते आठ. तीच पल्ल्यांची असली तर जवळजवळ पूर्ण उघडते. नकाशावर खिडकी मोजू नका, तिचं उघडणं मोजा.

तिसरा, उन्हाचा. पश्चिमेला काच किती आणि तिच्यावर सावली कशाची? दक्षिणेचं ऊन वरून येतं, तिथे आडवा छज्जा चालतो. संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन तिरकं घुसतं, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा खोल बाल्कनी लागते.

चौथा, भिंतींचा. नऊ इंची विटांच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू दोनच्या आसपास, आठ इंची एएसी ब्लॉकचा एकच्या खाली. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा संहितेने आपल्यासारख्या उष्ण हवामानासाठी दर चौरस मीटरला १५ वॅट ठेवली आहे. त्याला 'आरईटीव्ही' म्हणतात. आर्किटेक्टकडे त्याच्या हिशोबाचा कागद मागा. "बघू, करू" हे उत्तर धरायचं नाही.

आणि हे चारही प्रश्न नकाशा मंजुरीला जाण्याआधी विचारायचे आणि उत्तरं विकास करारनाम्याच्या तपशिलात लिहून घ्यायची. नंतर विचारलं तर माझ्यासारखं फोडाफोडीचं बिल भरायला लागतं.

एसी लावू नका असं मी म्हणत नाही. माझ्याही घरात आहे. पण तापलेल्या डब्यात लावलेला एसी आणि सावलीतल्या खोलीत लावलेला एसी, दोघांची बिलं शेजारी ठेवून बघा.

शेवटी एवढंच. माझ्या प्लॉटला नियम लागू नव्हता, म्हणून मी खूश झालो होतो. ऊन काही गुंठे मोजून पडत नाही. आपल्या नव्या इमारतीत कुणाच्या आईला दुपारी दुसऱ्याच्या घरी निजायला जायची वेळ येऊ नये, एवढी इच्छा आहे.

आणि हो, बाथरूम गळलं तर बेल वाजवायला हरकत नाही.