कृष्णेवरच्या दोन शर्यती

रायपूरच्या तेलीबांधा तळ्याच्या काठाला येथील लोक 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. मुंबईचा मनुष्य हे ऐकून प्रथम हसतो; पण संध्याकाळी दिवे लागले आणि पाण्यात त्यांच्या रेघा उतरल्या, की तोही हसणे विसरतो. नोकरीच्या निमित्ताने या गावी आल्यापासून मी तेथे नित्य फिरावयास जातो. परवा शेजारच्या बाकावरील एका मुलाने तळ्यातल्या नावेकडे बोट दाखवून आजोबांना विचारले, "ही नाव मोटारीसारखी का पळत नाही?" आजोबा निरुत्तर झाले. त्या प्रश्नाचे उत्तर मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

माझे बालपण सांगलीत गेले. पावसाळ्यात कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होत, आणि आम्ही मुले आयर्विन पुलाच्या कठड्याला चिकटून ओरडत असू. वल्ही एका तालात पडत. नावाड्यांच्या पाठी घामाने चमकत. तेव्हा एक गोष्ट कळली, की जोर दुप्पट केला म्हणून होडी दुप्पट पळत नाही. पाणी हवेहून सुमारे ८०० पट दाट आहे. ते वाट देते, पण फुकट देत नाही.

पुढे २०१८च्या नोव्हेंबरात मी विजयवाड्यास गेलो. तेथे याच कृष्णेवर यांत्रिक नौकांची जागतिक फॉर्म्युला वन शर्यत होती. महाबळेश्वरी उगम पावून वाई-सांगलीवरून वाहणारी आमची नदी तेथे विस्तीर्ण झालेली; आणि तिच्यावर चारशे किलोंहून कमी वजनाच्या नौका ताशी २०० किलोमीटरांच्याही पुढे धावत होत्या. नौका धावत होत्या म्हणण्यापेक्षा उडत होत्या म्हणणेच योग्य.

यातील युक्ती साधी आहे. या नौकेला तळाशी दोन अरुंद अंगे असतात आणि त्यांच्यामध्ये बोगदा. वेग आला की समोरची हवा या बोगद्यात कोंडते आणि नौकेला वर उचलते. मग पाण्याशी संबंध उरतो तो मागच्या पंख्याचा आणि तळाच्या थोड्या भागाचा. पाण्याचा अडथळा सुटला, की वेगाला मोकळे रान मिळते.

नौकेच्या पाठीवर बाहेरून बसवावयाचे इंजिन अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी १९०९च्या सुमारास बाजारात आणले. ते मासेमाऱ्यांच्या आणि हौशी लोकांच्या सोयीचे. बोगद्याची नौका शर्यतीत रुजली ती १९६०नंतरच्या दशकात, आणि इटलीतील कोमो सरोवराकाठचे आंजेलो मोलिनारी हे तिच्या आद्य कारागिरांपैकी एक. पॅरिसच्या सीन नदीवर तर सलग सहा तासांची शर्यत चाले. १९८१ साली या खेळाची पहिली फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धा झाली, आणि ती जिंकली आंजेलोंचे पुत्र रेनातो यांनी.

परंतु जी हवा नाव उचलते, तीच नाव उलटवते. नाक थोडे अधिक वर गेले, की हवा तळाखाली शिरते आणि नौका मागे कोलांटी घेते. त्या काळचे चालक उघड्या बैठकीत बसत. अपघात झाला तर बाहेर फेकले जाणे हाच बचाव, अशी समजूत होती. इंजिने मात्र वर्षागणिक वाढत गेली. १९८४ साली या खेळात अनेक मृत्यू झाले. बेल्जममधील लिएज येथे टॉम पर्सिव्हल गेले. तेव्हा इंग्लंडच्या ख्रिस हॉजेस यांनी चालकाभोवती एक मजबूत कोश बांधला. नौकेचे तुकडे झाले तरी कोश अभंग राहावा, हा त्यामागील विचार. आज चालक त्यात पट्ट्यांनी जखडलेला असतो, आणि पाण्याखाली उलटे लटकून सुटण्याची परीक्षा दिल्यावाचून त्याला शर्यतीत उतरता येत नाही.

हे मी एवढ्या आस्थेने सांगतो, त्याला एक खाजगी कारण आहे. नोकरीच्या प्रारंभी एका लहानशा तळ्यावरील नौकाविहाराची फाइल माझ्याकडे आली होती. प्रत्येक उतारूस जीवरक्षक जाकीट द्यावे, अशी अट मसुद्यात होती. तळे उथळ आहे, खर्च वाढेल, असे कोणी म्हणाले, आणि मी ती अट खोडली. महिन्याभरात नाव कलंडली. एका केवटाने उडी घेऊन एका मुलीला वर काढले. ती वाचली. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. पण खोडलेल्या त्या ओळीवरील माझी सही मला अजून दिसते. विजयवाड्याच्या काठावर तो कोश पाहताना मला ती मुलगी आठवली. नियम हा वेगाचा वैरी आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळ नियम कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिलेले असतात. ते आपण आधी वाचले, तर तेवढा मृत्यू वाचतो.

परवा मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "बाळ, नाव जोरात पळू शकते. पण तिला पळवण्याआधी तिच्यातल्या माणसाला सुखरूप ठेवण्याची सोय करावी लागते." त्याला ते कितपत पटले कोण जाणे. तो नावेकडे धावला. नावाड्याने आधी त्याला जाकीट घातले, बंद आवळले, आणि मगच वल्हे पाण्यात टाकले. ती नाव दृष्टीआड होईपर्यंत मी काठावर उभा होतो.