वणवा बांधावरून डोंगरात जातो



होळीचे दिवस जवळ आले, की रात्री एकदा डोंगराकडे नजर टाका. काळोखात कुठं तरी तांबडी रेघ वर चढताना दिसते. आपण अंगणात उभे राहून म्हणतो, "डोंगर पेटला वाटतं," आणि आत जाऊन झोपतो. ती रेघ पुष्कळदा कुणाच्या तरी बांधावरून निघालेली असते. म्हणूनच आज मी राजुरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांशी वणव्याबद्दल चार गोष्टी बोलणार आहे.

आपल्याकडे वणवा सहसा आपोआप लागत नाही. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी बांधावरचं गवत पेटवून देतो आणि जेवायला घरी जातो. कुणी उसाचं पाचट भरदुपारी पेटवतो. पश्चिम पट्ट्यात भाताचा राब भाजताना ठिणगी उडते. कल्याण-नगर रस्त्यालगत कुणी जळती बिडी टाकतो. मोहोळ काढणारा धुराचा पेंढा तसाच सोडून जातो, तर फिरायला आलेली मंडळी चूल न विझवता निघून जातात. लावणाऱ्याच्या मनात डोंगर जाळायचा नसतो. पण वाऱ्याला ते कसं कळणार?

काहीजण म्हणतात, "डोंगर जाळला की पुढच्या साली गवत चांगलं येतं." हे अर्धंच खरं आहे. जळाल्यावर कोवळे फुटवे लवकर दिसतात, पण जनावरं आवडीनं खातात त्या गवतांचं बी आणि ठोंब आगीत जातात. वरचेवर जाळलेल्या डोंगरावर कुसळी गवत मात्र टिकून राहतं आणि वाढतं. कुसळ एकदा धरलं, की जनावर त्याला तोंड लावत नाही. म्हणजे आग लावून आपण आपलीच वैरण घालवतो.

दुसरं नुकसान पाण्याचं. राजुरी, बेल्हे, आळे हा आपला पूर्वेकडचा भाग कमी पावसाचा. डोंगरावर गवत आणि पालापाचोळा असला, तर पाऊस थोपतो, मुरतो आणि खालच्या विहिरींना लागतो. डोंगर उघडा पडला, की वळवाचा पहिला जोरदार पाऊस माती घेऊन सरळ ओढ्याला जातो. वणवा मार्चमध्ये विझतो, पण त्याची झळ पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी दिसते.

पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला तर झाडंच जातात. तिथल्या आदिवासी बांधवांना हिरड्याचा मोठा आधार आहे. हिरड्याचं झाड एका वर्षात उभं राहत नाही. वणव्यात ते गेलं, की त्या घराची पुढच्या कित्येक वर्षांची कमाई गेली. शेकरूचं घरटं, जमिनीवरची पाखरांची अंडी, यांचा तर हिशेबच नाही.

मग पाचटाचं काय करायचं?

एका हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. ते जाळलं, तर त्यातला नत्र आणि सेंद्रिय भाग धुरावाटे निघून जातो. त्यापेक्षा ते सरीत दाबून ठेवा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणूखत, असं प्रमाण धरा आणि ओल टिकवा. ते जागेवरच कुजतं, तणही दबतं. शिवाय आपल्या भागात बिबट्याची मादी उसात पिल्लं ठेवते. उभ्या फडाला किंवा पाचटाला काडी लावाल, तर ती होरपळतील. पिल्लं दिसली तर हात लावू नका, वनखात्याला कळवा.

भातवाल्या बंधूंनी राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपं करून पाहावीत. चांगलं कुजलेलं शेणखत आणि बीजप्रक्रिया केलेलं बी वापरलं, तर न भाजताही रोप जोमदार येतं. राब भाजायचाच असेल, तर आधी चारी बाजूंचं गवत काढा, वारा पडलेला असताना सकाळी लवकर भाजा, पाणी जवळ ठेवा आणि शेवटचा निखारा थंड झाल्याशिवाय जागा सोडू नका.

जाळरेषा वेळेवर काढा

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून पावसापर्यंत धरतात. तेव्हा काम त्याआधी उरकलं पाहिजे. आपलं शेत जिथं डोंगराला किंवा वनखात्याच्या हद्दीला लागतं, तिथं निदान १० फूट रुंदीचा पट्टा गवत काढून मातीपर्यंत साफ करा. उतार जास्त किंवा गवत उंच असेल, तर पट्टा आणखी रुंद हवा. गवत कापून घरी आणा, पट्ट्याच्या कडेला ढीग लावू नका. पट्टा जाळून साफ करण्याच्या भानगडीत स्वतः पडू नका, ते वनखात्याच्या माणसांचं काम. एकट्याला हे होत नाही. संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर ग्रामसभेत वाटून घ्या. चार घरांनी एक दिवस दिला, तर एक बाजू सुरक्षित होते.

तरी आग लागलीच, तर

प्रथम कळवा. वनखात्याचा क्रमांक १९२६ आणि तातडीचा क्रमांक ११२ घरात भिंतीवर लिहून ठेवा. मग चार-पाच जणांनी मिळून जा, एकट्यानं जाऊ नका.

आग चढणीला फार वेगानं धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवतात. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नका आणि वर पळून सुटका होईल असं समजू नका. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहक वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जीव गेले. डोंगरउतारावर सुक्या गवताची आग किती घातकी असते, हे त्यावरून ध्यानात घ्या.

जळून गेलेल्या बाजूनं आगीच्या कडेला जा. ओल्या डहाळ्यांनी ज्वाळेच्या मुळाशी दाबून मारा, उंच उचलून झोडपू नका, त्यानं ठिणग्या उडतात. अंगात सुती कपडे असावेत, नायलॉन-टेरिलीन नको. ज्वाळा माणसाच्या उंचीची झाली, तर मागे हटा, नांगरलेल्या किंवा जळालेल्या जमिनीवर जा. डोंगर पुन्हा हिरवा होईल, गेलेला माणूस परत येत नाही.

भाजलं तर जागेवर वीस मिनिटं साधं थंड पाणी ओता. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. स्वच्छ कापडानं झाकून दवाखान्यात न्या. त्यासाठी १०८ ला फोन करा.

घरी एवढं पाहा

कडब्याची गंज घराला किंवा गोठ्याला चिकटून रचू नका, वीजतारेखाली तर मुळीच नको. एका मोठ्या गंजीपेक्षा अंतर ठेवून दोन लहान गंजी बऱ्या. तारा लोंबत असतील, तर महावितरणला लेखी कळवा. आग जवळ आली, तर आधी जनावरांची दावी सोडा.

राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आणि दंड आहे. पण मंडळी, कायद्याच्या धाकापेक्षा शेजाऱ्याची आठवण ठेवा. तुमच्या बांधावरची ठिणगी त्याच्या गंजीत पडू शकते, त्याची तुमच्या.

तेव्हा यंदा बांधाला काडी लावायचं मनात आलं, तर काडी खिशात ठेवा आणि विळा हातात घ्या. विळ्यानं कापलेलं गवत गोठ्यात येईल, काडीनं लावलेलं डोंगरात जाईल.