स्लॉटमधून आलेली मराठी

(फैजपूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील भाषण)



आज ज्या वस्तूविषयी बोलायचं आहे ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर पडून असेल. पतपेढीच्या मागच्या खोलीत, विकास सोसायटीत दप्तरांच्या कपाटावर, एखाद्या अडत्याच्या पेढीच्या पोटमाळ्यावर. पत्र्याचा आडवा, जड डबा, रंग पिवळट पडलेला, समोर फ्लॉपीची रुंद फट. विंडोज यायच्या आधीचा, डॉसच्या दिवसांतला पीसी. त्याच्या पोटात मदरबोर्ड आहे. तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, एवढी माझी विनंती आहे. आपल्याकडच्या संस्थांनी त्या काळात जी मराठी दप्तरं संगणकावर चढवली, त्यांतली कितीतरी या बोर्डांवाचून परत वाचता येणार नाहीत. ते कसं, हे कळायला आधी डब्याचं झाकण काढावं लागेल.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं अमेरिकेत आपला पीसी बाजारात आणला. इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, बोर्डावर कार्डं खोचायचे पाच स्लॉट. पुढं १९८४ मध्ये ८०२८६ वाला एटी आला, १९८६ मध्ये कॉम्पॅकनं ३८६ चा पीसी काढला, १९८९ मध्ये ४८६ आला. आपल्या देशात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयातीची वाट मोकळी केली, त्याच सुमारास रंगराजन समितीनं बँकांच्या संगणकीकरणाची शिफारस केली, आणि एचसीएल, विप्रो, झेनिथ, पीसीएल अशी नावं छापलेले डबे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचू लागले.

त्या बोर्डाचं मला वाटणारं मोल असं की तो डोळ्यांनी वाचता येतो. इंटरप्टसाठी ८२५९, टायमरसाठी ८२५३, डीएमएसाठी ८२३७, कीबोर्डसाठी आणखी वेगळी चिप. प्रत्येकीच्या पाठीवर तिचा नंबर छापलेला. जंपर कुठं लावला म्हणजे काय होतं, ते कित्येकदा बोर्डावरच पांढऱ्या शाईत लिहिलेलं. आयबीएमनं तर पीसीच्या टेक्निकल रेफरन्समध्ये सगळी सर्किटं आणि मशीन सुरू करणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमची ओळन्‌ओळ छापून टाकली होती. म्हणून तर जगभर त्याच्या नकला झाल्या, आणि म्हणूनच भुसावळ-जळगावच्या एखाद्या रेडिओ मेकॅनिकला मल्टिमीटर हातात धरून हे यंत्र समजून घेता आलं. आजच्या बोर्डावर ही सगळी कामं एकदोन चिपांच्या पोटात गेली आहेत. वेग वाढला, किंमत उतरली, हे चांगलंच झालं. पण शिकणाऱ्या पोराला बोट ठेवून दाखवावं असं फारसं काही उरलं नाही.

फसवणूकसुद्धा तेव्हा डोळ्यांना दिसायची. १९९० नंतर ४८६ च्या काही स्वस्त बोर्डांवर कॅश मेमरीच्या म्हणून ज्या चिपा लावलेल्या असत, त्या नुसतं प्लास्टिक असत. आत काहीच नाही, पाय कशालाच जोडलेले नाहीत, आणि बायोस मात्र सुरू होताना कॅश असल्याचं सांगायचा. ज्यानं बोर्ड उजेडात धरून त्या पायांपासून निघणाऱ्या तांब्याच्या रेघा शोधल्या, त्याला चोरी सापडली.

आता ६४० केबीची गोष्ट. हा आकडा त्या काळात काम केलेल्या प्रत्येकाच्या तोंडपाठ आहे. प्रोग्रॅम अर्धवट थांबायचा, मेमरी पुरत नाही असा संदेश यायचा, आणि डब्यात तर ४ एमबी रॅम बसवलेली असायची. गिऱ्हाईक विचारायचं, मग माझे पैसे गेले कुठं? प्रश्न रास्तच होता. ८०८८ ला पत्त्यांच्या वीस तारा होत्या. वीस तारांनी १०,४८,५७६ जागा मोजता येतात, म्हणजे १ एमबी. त्यातल्या वरच्या ३८४ केबी आयबीएमनं पडद्याची मेमरी, कार्डं आणि बायोस यांच्यासाठी राखून ठेवल्या. खाली उरल्या ६४०, आणि डॉस त्यातच वाढला.

८०२८६ आला तेव्हा तारा चोवीस झाल्या, १६ एमबीपर्यंतचं दार उघडलं. पण अडचण अशी की काही जुने प्रोग्रॅम १ एमबीच्या पुढं गेलं की पत्ता फिरून शून्यावर येतो, याच गोष्टीवर विसंबून लिहिलेले होते. ते मोडू नयेत म्हणून एकविसावी तार, म्हणजे ए-२०, हवी तेव्हा बंद ठेवायची सोय करावी लागली. आणि ती सोय कुठं केली? कीबोर्ड सांभाळणाऱ्या ८०४२ या चिपेचा एक पाय मोकळा होता, त्यावर. मेमरीच्या दाराची किल्ली कीबोर्डच्या चिपेत! हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण अभियांत्रिकी प्रत्यक्षात कशी चालते ते यातून दिसतं. कालचं मोडू द्यायचं नाही आणि उद्याचं अडवायचं नाही, अशा ओढाताणीत माणसांनी हाताशी असलेला एक पाय वापरला आणि पुढची कितीतरी वर्षं सगळ्या पीसींनी तो सांभाळला. १९९१ मध्ये डॉस ५ आला आणि एका फाइलीतल्या दोन ओळींनी डॉसचा बराचसा भार १ एमबीच्या वर हलवता येऊ लागला, तोही याच दारातून.

ही किल्ली लक्षात ठेवा, कारण माळ्यावरचा बोर्ड मरतो तो बहुधा इथंच. घड्याळ आणि सेटिंग जपण्यासाठी ३८६-४८६ च्या पुष्कळ बोर्डांवर ३.६ व्होल्टची, पिंपासारखी गोल, निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असते. मशीन चालू असलं की ती चार्ज होत राहते. वर्षानुवर्षं बंद पडून राहिली की फुटते, आणि आपल्याकडच्या वैशाखात, पत्र्याखालच्या माळ्यावर तर लवकरच. तिच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं. ते अल्कली आहे, तांब्याच्या रेघा खातं, हिरवी-निळी बुरशी धरल्यासारखं दिसतं. बॅटरी बहुतेक बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटला लागूनच असते, त्यामुळे पहिला घास कीबोर्डच्या चिपेच्या रेघांचा. अशा बोर्डाला वीज दिली आणि एएमआय बायोस असला तर तो सहा वेळा ‘टूं’ करतो. सहा टूं म्हणजे ए-२० चं दार उघडत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, मदरबोर्ड गेला. गेलेली असते ती केसाएवढी एखादी रेघ.

उपाय घरचाच आहे. हातमोजे घाला, कारण कॅडमियम विषारी आहे. बॅटरी कापून काढा आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. डागाळलेल्या जागी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, म्हणजे अल्कली मरेल. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पुरतं वाळू द्या. मल्टिमीटरनं एकेक रेघ तपासा, तुटलेल्या जागी इनॅमलची बारीक तार सोल्डर करा. नवी बॅटरी बाहेरून वायरीनं जोडा, म्हणजे पुन्हा कधी फुटली तरी बोर्डावर सांडणार नाही. साधे पेन्सिल सेल लावणार असाल तर मध्ये डायोड हवाच, नाहीतर बोर्ड त्यांना चार्ज करायला जाईल. आणि वीज देताना पॉवर सप्लायचे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर असे बसवा की चारही काळ्या वायरी मधोमध शेजारी येतील. उलटे बसले तर बोर्ड जळतो.

इथवर यंत्राचं झालं. आता आपल्या अक्षरांचं.

डॉसचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक घरात एक अक्षर, आणि ती अक्षरं डिस्प्ले कार्डावरच्या रॉममध्ये कायमची कोरलेली, एकूण २५६. पहिली १२८ इंग्रजीची, पुढच्या १२८ मध्ये युरोपातली स्वरचिन्हं आणि चौकटी काढायच्या रेघा. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘द्ध’ यांना जागाच नाही. मराठीत नुसती वेगळी अक्षरं भरून भागत नाही, जोडाक्षर घडवावं लागतं, ऱ्हस्व वेलांटी आधी काढून उच्चार मागाहून ठेवावा लागतो. हे काम त्या रॉमच्या आवाक्याबाहेरचं होतं.

ते एका कार्डानं केलं. भारतीय लिप्या संगणकावर आणायचं आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं संशोधन १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. मोहन तांबे हे त्यामागचं महत्त्वाचं नाव. सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. परम महासंगणकासाठी सगळे त्यांना ओळखतात, पण त्याच संस्थेतून निघालेलं जिस्ट कार्ड माझ्या लेखी आपल्या तालुक्याला अधिक जवळचं आहे. ते मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसायचं. डीबेस किंवा लोटस यांसारख्या प्रोग्रॅमना कळायचंही नाही की आपण मराठीत काम करतोय. ते एकेक कोड पडद्याकडं धाडायचे, आणि कार्ड मध्येच ते उचलून देवनागरी घडवायचं. कोड कोणता, तर इस्की. त्याचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं. वरच्या १२८ जागांमध्ये भारतीय लिप्यांची मुळाक्षरं एकाच क्रमानं बसवली, त्यामुळे तेच नाव कळ दाबून मराठीतून गुजरातीत किंवा तेलुगूत दिसायचं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, तोही त्याच विचारातला. आज तुमच्या फोनमध्ये जो युनिकोड आहे त्यातला देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला आहे.

म्हणजे सभासदाचं नाव, गाव, शेअरची रक्कम हे मराठीत टाइप करून डीबेसच्या फाइलीत ठेवायची सोय डॉसच्याच काळात झाली. त्या फाइली कुठं असतील? सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर, आणि एसटी-२२५ सारख्या २० एमबीच्या हार्डडिस्कांवर. सव्वापाच इंची ड्राइव्ह आजच्या लॅपटॉपला जोडता येत नाही. त्या पिढीच्या हार्डडिस्कला स्लॉटमध्ये बसणारं कंट्रोलर कार्ड लागतं, आणि एका कार्डानं फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या जातीचं कार्ड कित्येकदा वाचतच नाही. डिस्क आहे, पण तिचं कार्ड आणि बोर्ड भंगारात गेलं, तर दप्तर गेलं. म्हणून डब्यातलं काही सुटं करू नका. आहे तसा ठेवा, फक्त बॅटरी आधी काढा.

याच फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन गांधीजींच्या हस्ते उघडलं होतं. हातानं चालवायची आणि हातानं दुरुस्त करायची अवजारं त्यात मांडली होती. त्याच धर्तीवर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका टेबलावर चार-पाच चालू स्थितीतले बोर्ड, दोन्ही आकारांचे फ्लॉपी ड्राइव्ह आणि मिळालंच तर एक जिस्ट कार्ड, एवढं जमवणं अवघड नाही. पंचक्रोशीतल्या संस्थांनी आपले डबे तिथं आणावेत आणि मुलांनी ते वाचून द्यावेत.

दोन खबरदाऱ्या मात्र घ्या. जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ठेवून मशीन सुरू करू नका. सुरू होताना बायोस फ्लॉपीचा पहिला ५१२ बाइटांचा भाग मेमरीत घेतो आणि न विचारता चालवतो, १९९० मध्ये भारतात सापडलेला जोशी व्हायरस असाच पसरला होता. ५ जानेवारीला तो मशीन अडवायचा आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. तेव्हा सव्वापाच इंचीच्या कडेची खाच आधी चिकटपट्टीनं बंद करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.

दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची. इस्कीत ‘क’ चा नंबर १७९ आणि ‘फ’ चा २०१. जिस्ट कार्ड नसलेल्या पीसीवर १७९ ची उभी रेघ दिसते आणि २०१ चा चौकटीचा दुहेरी कोपरा. ‘फैजपूर’ हे नाव तिथं कोपऱ्यानं सुरू होणारा चिन्हांचा गोंधळ दिसतो. आजच्या संगणकावर तीच फाइल उघडली तर टोप्या घातलेली युरोपातली अक्षरं दिसतात. पाहणारा म्हणतो, फाइल सडली, आणि पुसून टाकतो. ती सडलेली नसते. १६१ ते २५० या नंबरांचा तक्ता समोर ठेवून युनिकोडमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्रॅम कॉलेजातली मुलगी एका दुपारी लिहू शकते, आणि सभासदांची नावं जशीच्या तशी परत येतात. अशी फाइल कुणाकडं असेल तर पुसण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा आणि ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळाकडं आणून द्या.