पंधरावा नंबर आणि रेकॉर्ड कमाई: युनायटेडचं नेमकं बिघडलंय कुठे?

आज मँचेस्टर युनायटेडबद्दल बोलायचंय. लिव्हरपूल आणि आर्सेनलवाल्यांनी आधी पोटभर हसून घ्या, मग ऐका. कारण हे उद्या कुठल्याही मोठ्या क्लबचं होऊ शकतं.

सुरुवातीला दोन आकडे. २०२४-२५ च्या सीझनला युनायटेड प्रीमियर लीगमध्ये पंधरावी आली. ३८ मॅचेस, ४२ पॉइंट्स, १८ पराभव. मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगची फायनल होती, तीही टॉटनहॅमकडून १-० ने गेली. आणि टॉटनहॅम स्वतः लीगमध्ये सतरावी होती! हा झाला पहिला आकडा. दुसरा असा, की त्याच आर्थिक वर्षात क्लबची कमाई ६६ कोटी पौंडांच्या वर गेली. क्लबच्या इतिहासातली सगळ्यात जास्त.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. माझ्या मते सगळा आजार तिथेच आहे.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे सिस्टीम पडली की अलार्म वाजतो, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात, कुणीतरी उठून लॅपटॉप उघडतंच. कारण सिस्टीम बंद म्हणजे पैसे बंद. युनायटेडमध्ये ही वायरच तुटलीये. टीम हरली तरी स्पॉन्सर आहेत, जर्सी विकली जातेय, टीव्हीचे पैसे येतायत. मग अलार्म ऐकून उठणार कोण?

२०१३ मध्ये सर ॲलेक्स फर्ग्युसन क्लबला विसावं लीग टायटल देऊन निवृत्त झाले. त्यानंतर मॉयेस, व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम. दर वेळी चर्चा एकच: मॅनेजर बदला. आमच्या भाषेत ह्याला पॅच मारणं म्हणतात. वरवर काम होतं, आतला कोड तसाच सडत राहतो.

टेन हागचंच उदाहरण घ्या. २०२३-२४ ला टीम आठवी आली, म्हणजे तोपर्यंतचा प्रीमियर लीगमधला सगळ्यात खालचा नंबर. पण शेवटी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. झालं! एका दुपारने अख्खा सीझन झाकला गेला. जुलैमध्ये टेन हागचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलेले डॅन ॲशवर्थ पाच महिन्यांत बाहेर. ह्याला प्लॅनिंग म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

मुळाशी जायचं तर २००५ मध्ये जावं लागतं. ग्लेझर कुटुंबाने जवळपास ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा भाग उधारीचा. आणि ते कर्ज बसवलं कुणाच्या डोक्यावर? क्लबच्याच! घर तुम्ही घेताय आणि हप्ते घर भरतंय, असा प्रकार. वर्षानुवर्षं पैसा व्याजात गेला, पुढे मालकांना लाभांशही मिळाला, आणि ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर गळत राहिलं. मे २०२४ ला आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर छतावरून अक्षरशः धबधबा कोसळत होता. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल.

मग सर जिम रॅटक्लिफ आले, त्यांनी फुटबॉलचा कारभार हातात घेतला. बचत सुरू झाली. २०२४ मध्ये साधारण २५० नोकऱ्या गेल्या, पुढच्या वर्षी आणखी २०० पर्यंत जातील असं जाहीर झालं. सीझनच्या मध्यात मेंबर्सचं तिकीट ६६ पौंड केलं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. म्हणजे चुकीचे प्लेअर्स महागात घेतले वरच्यांनी आणि किंमत मोजली ऑफिसातल्या माणसाने, आणि नातवाला मॅचला नेणाऱ्या आजोबांनी. मला सगळ्यात जास्त हे टोचतं. हरणं चालतं हो, फुटबॉल आहे. पण हरण्याचं बिल भलत्याच्या नावावर फाटतं, ते नाही चालत.

तिथले फॅन्स गप्प बसलेले नाहीत. २००५ मध्येच काही जणांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, एक मेंबर एक मत. २०२१ मध्ये, सुपर लीगच्या प्रकरणानंतर, फॅन्स ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. मार्च २०२५ मध्ये काळे कपडे घालून मोर्चा निघाला. ह्यांना कुणी म्हणेल का, की तुम्ही खरे फॅन नाही?

आणि आपण? पुण्यात, नागपुरात, पणजीत रात्री साडेबाराची मॅच जागून बघणारे? आपण तिकीट काढत नाही, पण स्पॉन्सरला दाखवायच्या त्या जगभरच्या फॅन्सच्या आकड्यात आपण आहोत. म्हणजे न तुटणारा पैसा थोडा आपलाही आहे. मी क्लब सोडा असं म्हणत नाही, ते जमणारही नाही. पण दरवर्षी तिसरी जर्सी घ्यायलाच हवी असंही नाही. आणि मँचेस्टरचा माणूस तिकिटाबद्दल ओरडतो तेव्हा ‘रडू नका, टीमला सपोर्ट करा’ असं खाली टाइप करू नका. आपल्याला टीव्हीवर जो आवाज ऐकून काटा येतो, तो त्याचाच आवाज आहे. तो स्टँडमधून गेला की उरेल फक्त टुरिस्ट आणि दुकान.

ऑगस्ट २०२५ मध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबी टाउनने लीग कपमध्ये पेनल्टीवर युनायटेडला बाहेर काढलं, १२-११. अलार्म ह्याहून मोठा काय वाजणार?

तुमचा क्लब कुठलाही असो, मला व्हॉइस नोट पाठवून सांगा: निषेध म्हणून तुम्ही काय सोडायला तयार आहात? पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटू. काळजी घ्या.